न्यूट्रल, अर्थिंग आणि डिशची वायर: घरच्या थिएटरच्या कामाच्या नोंदी

२९ मे

काल संध्याकाळी सव्वासहाला वादळ आलं. दिवसभर अंग भाजून निघत होतं, चारनंतर पश्चिमेकडून आभाळ काळं झालं, आधी धुळीचा लोट आला आणि मग कडकडाट. एक वीज इतकी जवळ पडली की लखलखाट आणि आवाज जवळजवळ एकदमच आले. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात, म्हणजे ती आमच्या नागपूरच्या मानेवाड्यातच कुठेतरी पडली. घरातली लाइट मात्र गेली नाही. पंखे फिरत होते, फ्रिज चालू होता, म्हणून कोणी काही तपासलं नाही.

रात्री बाबा नेहमीप्रमाणे वर आले. त्यांचे दोन तास ठरलेले असतात: आधी बातम्या, मग जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मधला स्पीकर थोडा मोठा ठेवून देते. काल सेटटॉप बॉक्सचा दिवाच लागला नाही. अँप्लिफायर सुरू झाला, रेडिओ लागला, पण एचडीएमआयच्या एकाही खाचेतून चित्र येईना. टीव्ही चालू, पण त्याची अँप्लिफायरला जोडलेली खाच मेलेली. बाजूची खाच ठणठणीत.

बाबा म्हणाले, "राहू दे, उद्या पाहू." आणि खाली गेले. ते जिना उतरत होते तेव्हा मला फार वाईट वाटलं. म्हणून आजपासून ही वही. काय मेलं, कशाने मेलं आणि पुन्हा मरू नये म्हणून काय केलं, हे तारखेनिशी लिहायचं.

३० मे

काय जळलं आणि काय वाचलं, याची यादी समोर ठेवली की वीज कोणत्या वाटेने आली ते दिसतं. अँप्लिफायर, टीव्ही आणि बॉक्स तिन्ही एकाच स्पाइक गार्डवर होते. लाइटच्या वायरीतून झटका आला असता तर आधी पॉवर सप्लाय गेले असते. टीव्ही आणि अँप्लिफायरचे पॉवर सप्लाय तर शाबूत आहेत. बॉक्स सोडला तर मेल्या आहेत त्या फक्त एचडीएमआयच्या खाचा, त्याही एका रांगेत: बॉक्स, बॉक्सकडून अँप्लिफायर, अँप्लिफायरकडून टीव्ही.

म्हणजे वाट गच्चीवरून आली. डिश लोखंडी पाइपवर बसवलेली आहे. तिची वायर कठड्यावरून खाली येऊन थेट बॉक्समध्ये जाते, वाटेत कुठेही अर्थिंगला जोडलेली नाही. वीज डिशवर पडली नाही, पडली असती तर डिश काळी झाली असती. जवळ पडलेल्या विजेने त्या लांब वायरीत क्षणभर हजारो व्होल्ट उभे केले आणि त्यांना जमिनीकडे जायला जी वाट सापडली ती आमच्या टीव्हीच्या कपाटातून गेली. एचडीएमआयच्या वायरीत सिग्नलच्या तारांसोबत ५ व्होल्टची एक तार आणि जमिनीची तार असते. आतल्या चिप नाजूक असतात, बोटाच्या स्थिर विजेलाही घाबरणाऱ्या.

आणि आम्ही सगळे पैसे भिंतीतल्या प्लगवर लावले होते.

१ जून

स्पाइक गार्डचे स्क्रू काढले. हिरवा दिवा अजून लागतो, गार्डला काही झालेलं नाही. आत एक निळी चकती, बिस्किटाच्या तुकड्याएवढी. तिच्यावर १४डी४७१ छापलेलं: १४ मिलिमीटर व्यास, ४७० व्होल्ट. हा मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. झिंक ऑक्साइडच्या दाण्यांची ही चकती एरवी गप्प बसते, व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं की नॅनोसेकंदांत वाट मोकळी करते आणि झटका स्वतःतून जाऊ देते. प्रत्येक मोठ्या झटक्यानंतर ती थोडी झिजते, बाहेरून मात्र काही कळत नाही.

आमच्या गार्डमध्ये ही चकती एकच आहे, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये. अर्थिंगच्या पट्टीला काहीच लावलेलं नाही. कपाटात पडलेला दुसरा, त्याहून जुना गार्डही उघडला. त्यात चकतीच नव्हती. एक बटण, एक दिवा आणि तीन पितळी पट्ट्या. सहा वर्षं आम्ही त्याला संरक्षण म्हणत होतो, होता तो एक्स्टेंशन बोर्ड.

तरीही दोष गार्डचा नाही. झटका त्याच्या दारातून आलाच नव्हता.

२ जून

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: विजेचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. एचडीएमआय बोर्ड बदलायचा खर्च अँप्लिफायरच्या अर्ध्या किमतीएवढा. दोन दिवस विचार करते म्हणून सांगितलं.

४ जून

वायरमन काका आले. बाबांच्या ओळखीचे, या लेआउटमधली निम्मी घरं त्यांनीच वायर केली आहेत. मी डिशबद्दल बोलत होते, आणि ते वर बघत होते. खाली आईने कूलर लावला तसा वरच्या खोलीतला बल्ब किंचित उजळला.

"ताई, हे पाह्यलं का?" म्हणाले. "खालचा कूलर लागला तं वरचा बल्ब कमी व्हाव का जास्त?"

मी दोन वर्षांपासून ते पाहत होते आणि त्यात काही वावगं आहे हे मला सुचलंच नव्हतं. आमचं कनेक्शन थ्री फेज आहे. खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्यावर, बोअरचा पंप आणि एसी तिसऱ्यावर. तिन्ही फेजचा न्यूट्रल एकच. तो न्यूट्रल घट्ट असेल तर एका फेजचा भार दुसऱ्या फेजला जाणवत नाही. तो सैल झाला की दोन फेज एकमेकांना ओढायला लागतात. ज्या फेजवर भार जास्त तिथलं व्होल्टेज पडतं, ज्यावर कमी तिथलं चढतं. न्यूट्रल पूर्ण सुटला तर दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोन मजल्यांत वाटले जातात आणि मोठा वाटा हलक्या भाराच्या मजल्याला येतो. आमच्याकडे हलका भार म्हणजे टीव्ही, अँप्लिफायर आणि दोन एलईडी.

मीटर लावून पाहिलं. कूलर बंद असताना वर २३८. कूलर आणि खालचा मिक्सर एकत्र लावले तर वर २५७, खाली २१४.

मेन स्विच बंद करून झाकण काढलं. न्यूट्रलच्या स्क्रूवर पेचकस ठेवला आणि तो पूर्ण दीड आटा फिरला. त्याखालच्या तारेचं काळं कव्हर तपकिरी होऊन कडक झालं होतं, नख लावलं तर पापडासारखं तुटलं. तार ॲल्युमिनियमची, पट्टी पितळेची. ॲल्युमिनियम तापलं की जास्त फुगतं, थंड झालं की आखडतं, वर त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो. दर उन्हाळ्यात तो स्क्रू थोडा थोडा ढिला होत गेला असणार. काकांनी टोक कापलं, बायमेटल लग (दोन धातूंचं जोडटोक) लावून दाबला, ग्रीस लावलं, कसून आवळलं.

पुन्हा मोजलं. वर २३७, कूलर लावल्यावर २४४. सुधारलं, पण पूर्ण नाही. उरलेलं खांबावर आहे, काकांचं मत.

५ जून

वीज कंपनीकडे तक्रार नोंदवली. लाइनमन संध्याकाळीच आले, खांबावरचा न्यूट्रलचा जोड नवीन केला. आता कूलर लागला तर फरक २ व्होल्टचा. त्या उन्हात खांबावर चढलेल्या माणसाला आईने कोकमचं सरबत दिलं.

७ जून

आज अर्थिंग. घराच्या मागे बोअरजवळ सिमेंटचं झाकण आहे, ते मी जन्मात कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं. आत जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, त्याला हिरवी तार बोल्टने बांधलेली, बोल्ट गंजलेला. पण पाहण्यासारखी होती माती. आमची काळी माती. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती तडकून पाइपपासून चार बोटं लांब सरकली होती. काकांनी पाइप हाताने हलवला आणि तो खरंच हलला.

"हा पाइप जमिनीत हाये कुठी? हा तं हवेत उभा हाये."

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. ती फुगवणारी जी चिकणमाती तिच्यात असते, तिच्यामुळेच आमच्याकडे घरांच्या भिंतींना तिरप्या भेगा जातात. अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं पाणी पडलं नाही, तर पाइपभोवती पोकळी तयार होते. मीठ-कोळसा घातलेला असतो, पण मीठ काही पावसाळ्यांत वाहून जातं.

काकांनी मोजायची जुनी रीत दाखवली. फेज आणि अर्थिंगच्या मध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब लावला. बल्ब मलूल पेटला. तेवढ्यात न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये मीटरने ७८ व्होल्ट दाखवले, बल्बमधून करंट ०.३६ अँपिअर. भागाकार केला तर २१६ ओहम. चांगल्या घराचं अर्थिंग ५ ओहमच्या आत असावं असं ते म्हणतात.

हा प्रयोग घरी कोणी स्वतः करू नये. बल्ब पेटलेला असताना घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या वस्तूच्या अंगावर तेच ७८ व्होल्ट येतात. आईला आधीच फ्रिजपासून लांब, पाटावर बसवून ठेवलं होतं.

रात्री झोप लागली नाही, कारण हा आकडा टीव्हीपुरता नाही. आमचा कूलर लोखंडी आहे. त्याच्या मोटरची वायर कधी पत्र्याला लागली असती तर २३० भागिले २१६, म्हणजे साधारण एक अँपिअर जमिनीत गेला असता. १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, एवढ्याने काही कळत नाही. तो खाली पडला नसता, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी भरणाऱ्या आईच्या हाताखाली जिवंत पत्रा राहिला असता. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. मी अँप्लिफायर वाचवायला निघाले होते.

८ जून

काकांशी थोडा वाद. त्यांचं म्हणणं, डिशसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घेऊ, "विजेचा करंट घरच्या अर्थिंगात कायले आणता?" ऐकायला बरोबर वाटतं. मी कागदावर काढून दाखवलं. दोन खड्डे दहा मीटरवर असले आणि जवळ वीज पडली, तर त्या क्षणी दोन्ही खड्ड्यांचं व्होल्टेज सारखं नसतं. हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. डिशची वायर एका खड्ड्याला, टीव्हीचा प्लग दुसऱ्याला. मग हा फरक भरून निघणार कुठून? त्या दोघांना जोडणाऱ्या एकमेव तारेतून, म्हणजे पुन्हा एचडीएमआयमधूनच.

सगळं एकदम वर चढलं आणि एकदम उतरलं, तर आतल्या यंत्रांना काही जाणवत नाही. तारेवर बसलेल्या चिमणीसारखं. म्हणून रॉड दोन असोत की तीन, सगळे एकमेकांना जोडलेले हवेत, आणि घरात शिरणारी प्रत्येक वायर एकाच पट्टीवर येऊन अर्थ व्हायला हवी. काका बराच वेळ कागद पाहत बसले. मग म्हणाले, "बरोबर हाये ताई. मंग डिशची वायर खालून डीबीपाशी आणा लागन." डीबी म्हणजे घरातल्या सगळ्या वायरिंगची मुख्य पेटी. त्यांनी ऐकलं म्हणून नाही, त्यांनी पुढची पायरी स्वतः सांगितली म्हणून मला फार बरं वाटलं.

१० जून

बोअरिंगवाल्याने हाताच्या ऑगरने दोन भोकं पाडली, एकमेकांपासून ३ मीटरवर. पहिली ४ फूट काळी माती, मग पिवळसर मुरूम, आणि ६ फुटांवर हाताला थंडावा लागला. ओल तिथे होती, आमचा जुना पाइप तिथवर पोचलाच नव्हता. तांब्याचा थर दिलेले ३ मीटरचे दोन रॉड, भोवती बेंटोनाइटचा भुगा पाण्यात कालवून. बेंटोनाइट म्हणजे काळ्या मातीच्याच जातीची फुगणारी माती, ओल धरून ठेवते. पण पार कोरडी झाली तर तीही आक्रसणार, म्हणून पाणी हवंच. दोन्ही रॉड तांब्याच्या पट्टीने जोडले.

पाण्याचा प्रश्न आईने सोडवला. कूलरच्या टाकीतलं पाणी दर आठवड्याला बदलतो, ते उडून उडून खारट झालेलं असतं, झाडांना चालत नाही. ते दोन बादल्या आता खड्ड्यात.

१३ जून

डीबीचं काम. सकाळी आठ ते दुपारी तीन, लाइट बंद, घरात आगीसारखा उकाडा.

पहिली वस्तू सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे झटका अर्थिंगकडे वळवणारं यंत्र, टाइप २, चार मोड्यूलची. तीन फेजसाठी तीन व्हॅरिस्टर आणि न्यूट्रल ते अर्थिंग एक गॅस ट्यूब. आमच्याकडे वीज कंपनीची न्यूट्रल आणि घरचं अर्थिंग वेगवेगळं असतं, तिथे हीच रचना लागते. कमाल झटका ४० किलोअँपिअर लिहिलेला आहे, पण मी बर्डीवर दुकानात तो आकडा पाहून वस्तू घेतली नाही. पाहिलं ते झटक्याच्या वेळी मागे किती व्होल्ट उरतात. यात १.५ किलोव्होल्ट. आणि पुढे खिडकी हवी, जी मोड्यूल संपलं की हिरव्याची लाल होते.

काकांनी ती डीबीच्या उजव्या कोपऱ्यात बसवली, तारा छान वळवून, काटकोनात, देखण्या. मला त्या तोडायला सांगाव्या लागल्या. एक मीटर तारेत सुमारे एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. झटक्याचा करंट एका मायक्रोसेकंदात एक किलोअँपिअर चढला तर त्या एका मीटरवरच १००० व्होल्ट उभे राहतात, आणि ते डिव्हाइसच्या १५०० मध्ये मिळवायचे. म्हणजे सुंदर वळवलेली तार निम्म्याहून जास्त संरक्षण खाऊन टाकते. फेजपासून डिव्हाइस आणि डिव्हाइसपासून अर्थिंगची पट्टी, दोन्ही मिळून अर्धा मीटर, जास्त नाही. अर्थिंगची पट्टीच उचलून डिव्हाइसच्या खाली आणली. आता ४२ सेंटिमीटर. वेड्यावाकड्या दिसतात. चालेल.

दुसरी वस्तू न्यूट्रलसाठी. व्हॅरिस्टर मायक्रोसेकंदांचा झटका झेलतो. न्यूट्रल सुटल्यावर ३५० व्होल्ट मिनिट-मिनिट राहिले तर तो ते झेलू शकत नाही, तापून स्वतःच पेटू शकतो. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, जे काही झेलत नाही, नुसतं दार लावतं. वरच्या मजल्याच्या फेजवर ४० अँपिअरचा लावला. वरची मर्यादा २६५, खालची १७५. वीज परत बरी झाली तरी १८० सेकंद थांबून मगच सोडायची, म्हणजे फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही दम मिळतो.

तिसरं, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे थोडी जरी वीज गळली तरी लाइट तोडणारा स्विच. ही टीव्हीसाठी नाही. ही आईसाठी.

टीव्हीमागचा जुना स्टॅबिलायझर काढून टाकला. टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतो असं त्याच्या पाठीवरच लिहिलंय. रिले टकटक करत राहतो आणि सैल होऊ शकणारा आणखी एक जोड वाढवतो.

१४ जून

आरसीसीबी रात्रीतून तीनदा पडली. इन्व्हर्टरच्या एका पॉइंटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटला जोडलेला निघाला. काकांनी वेगळा केला, थांबलं.

१६ जून

टीव्हीच्या मागची भिंत. ६ अँपिअरचं एक सॉकेट, त्यात मल्टिप्लग, त्यात गार्ड. मल्टिप्लग ओढला तर पिनांवर तपकिरी डाग. पितळी पट्टीची पकड गेली की पिन आणि पट्टीत बारीक ठिणग्या उडतात, त्याने पट्टी तापते, तापली की आणखी सैल होते. डीबीपासून स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची तार ओढली, १६ अँपिअरची दोन सॉकेट. उंची साडेतीन फूट. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा मावशीच्या घरात पहाटे पाणी शिरलं. सबवूफर जमिनीवर होता, सॉकेट त्याच्यामागे स्कर्टिंगपाशी. आमच्या भागात पाणी येत नाही, पण ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

डिशची वायर आता गच्चीवरून थेट खाली डीबीपाशी येते. तिथे ग्राउंडिंग ब्लॉक आहे, त्यातून ६ चौरस मिलिमीटरची हिरवी तार पट्टीला. डिशचा पाइपही त्याच पट्टीला. मग वायर पुन्हा वर. वीस मीटर जास्त लागली. गच्चीवरचा जुना एफ कनेक्टर, म्हणजे डिशच्या वायरीचं स्क्रूचं टोक, उघडला तर आत हिरवा गंज आणि मधली तांब्याची तार केसासारखी झालेली. पाऊस आला की चॅनेल अडखळायचे, त्याचं खापर आम्ही ढगांवर फोडत होतो.

एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी. नव्या बॉक्सचा अडॅप्टर दोन पिनांचा आहे, अर्थिंग नाही. बॉक्स प्लगमध्ये, बाकी सगळं सुटं, असं करून त्याच्या एचडीएमआयच्या पत्र्यावर मीटर लावला: ९६ व्होल्ट. आतला गाळणी-कंडेन्सर वीज किंचित झिरपवतो, म्हणून पत्रा अधांतरी निम्म्या व्होल्टेजला तरंगतो. करंट नगण्य, बोटाला मुंग्या येतात एवढाच. पण अंधार करून त्याची वायर टीव्हीला टेकवली आणि मोहरीच्या दाण्याएवढी निळी ठिणगी दिसली. ती ठिणगी आधी पत्र्यात पडली तर ठीक, तिरकी वायर लावताना सिग्नलच्या पिनेत पडली तर खाच गेली. आता नियम: एचडीएमआय लावताना-काढताना दोन्हीकडचे प्लग भिंतीतून बाहेर. नुसतं रिमोटने बंद करणं पुरेसं नाही.

अँप्लिफायरचा निर्णयही घेतला. बोर्ड बदलणार नाही. टीव्हीतून अँप्लिफायरला ऑप्टिकल वायर. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जातच नाही, त्यामुळे टीव्ही आणि अँप्लिफायर यांच्यात तांब्याचा धागाही उरला नाही. तिच्यातून सर्वांत वरच्या दर्जाचा आवाज जात नाही, साधा ५.१ जातो. बाबांच्या मैफली तशाही दोन चॅनेलच्या आहेत. आणि बॉक्स थेट टीव्हीला: उद्या पुन्हा काही झालं तर एकच खाच जाईल, साखळी नाही.

१९ जून

वरच्या खोलीतला कूलर बंद केला की टीव्ही एक सेकंद काळा होतो. हे आधीही व्हायचं. कूलरच्या बटणात ठिणगी उडते, तिचा गोंधळ जवळच्या एचडीएमआय वायरीत शिरतो आणि टीव्ही-बॉक्सची ओळख तुटते. पाच मीटरची वायर गुंडाळी करून कूलरच्या प्लगवरच टाकलेली होती. दीड मीटरची लावली, वेल्क्रोने ब्रॅकेटला बांधली, म्हणजे तिचं वजन खाचेवर येत नाही. बंद झालं.

२२ जून

पाऊस लागला. बाबांना दाखवलं: गडगडायला लागलं की दोन प्लग आणि डिशच्या वायरीचा स्क्रू, तिन्ही सोडायचे. डीबीत लावलेलं सगळं जवळच्या विजेसाठी आहे. घरावरच पडली तर यातलं काही थांबवू शकत नाही, तेव्हा हवेतलं अंतरच कामाचं. फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप टाकून दिलं, ते वीज जवळ आल्याची सूचना देतं. बाबांनी स्क्रू दोनदा सोडून लावून पाहिला. बोटं थरथरतात त्यांची, आटे पकडायला वेळ लागतो. मी हात पुढे केला नाही.

मग रात्री मैफल लागली. तंबोरा सुरू झाला आणि स्पीकरमध्ये पूर्वी जी बारीक घरघर ऐकू यायची, ती नव्हती. मला आधी वाटलं माझेच कान. बाबांनी डोळे मिटलेले तसेच ठेवून बोट वर केलं.

११ जुलै

प्रोटेक्टरच्या नोंदीत रात्री २.४० ला एकदा २७१, लगेच पुन्हा २६८. दोनदा दार लावलं, तीन-तीन मिनिटांनी उघडलं. आम्ही झोपेत होतो. शेजारच्या काकूंचा एक पंखा त्या रात्री गेला. कारण कळलं नाही. मेन स्विचचा न्यूट्रल पुन्हा तपासला, घट्ट आहे. खांबासाठी तक्रार दिली.

काकूंकडे वायरमन काकांना पाठवलं. त्यांचाही बल्ब उजळतो म्हणाल्या.

१७ ऑगस्ट

अर्थ टेस्टर भाड्याने आणला, दोन खुंट्या ठोकून नीट मोजलं. जूनमध्ये काम झाल्यावर ४.६ ओहम होतं, आज भर पावसात २.९. सर्ज डिव्हाइसच्या चारही खिडक्या हिरव्या. काकूंकडे नवा खड्डा खणला, त्यांच्याकडे मुरूम तीन फुटांवरच लागला.

पावसातला २.९ हा आकडा मला सुख देत नाही. खरा आकडा काळी माती तडकल्यावरचा. खड्ड्याच्या झाकणावर पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिलं: "मे, तिसरा आठवडा, मोजणे." बाबांनी खाली त्यांच्या अक्षरात भर घातली: "आणि कूलरचं पाणी."